‘प्रिडेटर’ची दाढी

जुन्या मारधाडपटाची नवी, ‘रिमास्टर’ केलेली तबकडी बाजारात आली की तिची जी परीक्षणे लिहिली जातात, त्यांत कथा, अभिनय आणि दिग्दर्शन या किरकोळ बाबींची एका परिच्छेदात बोळवण करून परीक्षक नायकाच्या नाकावरील रंध्रांकडे वळतो, आणि ती रंध्रे स्पष्ट दिसतात की नाही यावर तबकडीचे भवितव्य ठरते. रिमास्टर करणे म्हणजे मूळ निगेटिव्हवरून किंवा तिच्या जवळच्या एखाद्या प्रतीवरून चित्र आणि ध्वनी नव्याने संगणकात उतरवून घेणे, ओरखडे व धूळ काढणे, रंग जुळवणे आणि घरगुती पडद्यासाठी नवी प्रत सिद्ध करणे. ओरखडा कोठे संपतो आणि चित्र कोठे सुरू होते, हे मात्र या व्याख्येत सांगितलेले नसते, आणि या क्षेत्रातील बहुतेक सगळी भांडणे त्याच मोकळ्या जागेत होतात. अशा भांडणांच्या इतिहासात 1987 सालच्या ‘प्रिडेटर’ या अमेरिकन चित्रपटाच्या 2010 मधील ब्लू-रे तबकडीला जे स्थान आहे, ते मराठ्यांच्या इतिहासात पानिपताला आहे. म्हणजे पराभव निर्विवाद आहे, पण त्यावर बोलण्याचा उत्साह कोणाचाही कमी झालेला नाही.

चित्रपट थोडक्यात सांगता येतो, आणि तसा तो सांगता यावा हीच त्याच्या कर्त्यांची इच्छा असावी. मध्य अमेरिकेच्या जंगलात ओलिसांच्या सुटकेसाठी गेलेल्या निवडक सैनिकांच्या तुकडीला परग्रहावरून शिकारीस आलेला, जवळजवळ अदृश्य होऊ शकणारा एक प्राणी एकेक करून मारतो आणि अखेरीस तुकडीचा प्रमुख डच, म्हणजे आर्नोल्ड श्वार्झनेगर, त्याच्याशी एकटा लढतो. दिग्दर्शक जॉन मॅक्टिअर्नन याने पुढच्याच वर्षी ‘डाय हार्ड’ करून मारधाडपटाला बंद इमारतीत नेले. येथे मात्र सगळा कारभार उघड्यावर, मेक्सिकोतील पुएर्तो व्हायार्ताजवळच्या आणि नंतर पालेंकेच्या रानात आहे. प्राण्याचे रूप स्टॅन विन्स्टन याने घडवले आणि त्या वेषात सात फुटांहून उंच असा केव्हिन पीटर हॉल हा नट वावरला. त्याच्याआधी त्या भूमिकेत तेव्हा अप्रसिद्ध असलेल्या जाँ-क्लोद व्हॅन डॅम याला उभे केले होते, परंतु ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागत नाही अशा राक्षसाला श्वार्झनेगर घाबरतो हे कोणाला पटण्यासारखे नव्हते.

या तुकडीविषयी एक गोष्ट राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. तिच्यातील दोन नट पुढे अमेरिकेत गव्हर्नर झाले, जेसी व्हेंचुरा 1999 मध्ये मिनेसोटाचा आणि श्वार्झनेगर 2003 मध्ये कॅलिफोर्नियाचा. अमेरिकेतील गव्हर्नर हे पद अधिकाराने आपल्याकडील मुख्यमंत्र्याच्या तोडीचे असते, राजभवनाच्या हिरवळीवर सन्मानाने विसावण्याचे नव्हे. केंटकीचा गव्हर्नर होण्याची खटपट याच तुकडीतील सनी लँडहॅम यानेही करून पाहिली, पण ती तडीस गेली नाही. परग्रहावरील एका शिकाऱ्याने या मंडळींना जंगलात गाठून त्यांतील बहुतेकांना संपवले, याकडे तेथील मतदाराने कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय ठरेल.

आता मूळ वादाकडे. सिनेमाच्या फिल्मवर चित्र उमटते ते सिल्व्हर हॅलाइड या रजतक्षाराच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, आणि प्रकाश पडलेल्या या स्फटिकांचा जो बारीक, सतत हलणारा दाणेदारपणा पडद्यावर दिसतो त्याला छायाचित्रणाच्या व्यवसायात ‘ग्रेन’ म्हणतात. प्रकाश कमी असेल तर अधिक संवेदनशील, म्हणजे ‘फास्ट’ फिल्म वापरावी लागते, आणि अशा फिल्मचे स्फटिक मोठे असल्यामुळे ग्रेनही ठळक दिसतो. दाट झाडांच्या छताखाली ऊन पोचत नाही, हे कोकणातल्या कोणत्याही देवराईत उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही. तेव्हा छायाचित्रकार डोनाल्ड मॅकअल्पाइन याने टिपलेला हा चित्रपट पहिल्या दिवसापासूनच ग्रेनने भरलेला होता. ग्रेन ही फिल्मवर नंतर बसलेली धूळ नव्हे. चित्र त्या कणांचेच बनलेले असते, आणि कण काढून टाकले तर मागे काय उरते, हा प्रश्न 2010 पर्यंत तत्त्वज्ञांच्या अखत्यारीत होता.

त्यात आणखी एक गुंता आहे. प्राणी अदृश्य असताना पानांची जी लहरती, काचेतून पाहिल्यासारखी आकृती दिसते, ती मिळवण्यासाठी झगझगीत लाल पोशाख घातलेल्या माणसाला जंगलात हिंडवून चित्रण केले गेले, कारण पानांचा हिरवा आणि आकाशाचा निळा यांच्याहून लाल रंग सहज वेगळा काढता येतो. मग तेच दृश्य माणसावाचून पुन्हा टिपून दोन्ही पट्ट्या ऑप्टिकल प्रिंटर या यंत्रावर एकमेकींत मिसळल्या गेल्या. ही किमया ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. मात्र फिल्मवरून फिल्मवर प्रत काढताना प्रत्येक पिढीत ग्रेन वाढतो, त्यामुळे ज्या दृश्यात काही चमत्कार घडायचा असतो ते दृश्य आधीपासूनच अधिक दाणेदार दिसते. परिणामी सरावलेल्या प्रेक्षकाला प्राणी दिसण्याच्या क्षणभर आधी ग्रेन दिसतो, आणि ज्या संकटाची चाहूल अनुभवी कमांडोंना लागत नाही ती आरामखुर्चीत शेंगदाणे खाणाऱ्या माणसाला लागते.

प्राण्याच्या दृष्टीचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्याला जग उष्णतेच्या रूपात दिसते, म्हणजे शरीरातून निघणारे अवरक्त किरण तो पाहतो आणि पडद्यावर माणसे लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी दिसतात. हे चित्रण खऱ्या उष्णता-कॅमेऱ्याने करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा असे आढळले की मेक्सिकोतील जंगलाची उष्णता माणसाच्या शरीराच्या उष्णतेच्या इतकी जवळ जाते की माणूस कोणता आणि झाड कोणते हे कॅमेऱ्याला कळत नाही. कथेत मात्र एक पात्र स्पष्ट सांगते की हा शिकारी सर्वांत कडक उन्हाळ्याच्या वर्षीच येतो. म्हणजे विश्वाच्या पलीकडून, अतिप्रगत यानातून, खांद्यावर तोफ लावून आलेला हा प्राणी शिकारीसाठी नेमका तोच हंगाम निवडतो ज्यात त्याचे डोळे कुचकामी ठरतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तो उतरला असता तर त्याने बहुधा एका भल्या मोठ्या सपाट लाल पडद्याकडे पाहून परतीचा रस्ता धरला असता. अशा चित्रपटाच्या चित्राची शुद्धता तपासायला बसणे हे मुळातच धाडसाचे काम आहे, हे परीक्षकांच्या बाजूने मान्य करावे लागते.

2008 मध्ये निघालेली पहिली ब्लू-रे तबकडी कोणालाच आवडली नाही. एका थरात 25 गिगाबाइट माहिती मावते, तेवढ्या जागेत एमपेग-2 या जुन्या पद्धतीने चित्र कोंबलेले होते आणि पुरवणी म्हणून पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. चित्र आकुंचित करण्याच्या, म्हणजे ‘कॉम्प्रेशन’च्या ज्या पद्धती तबकड्यांवर वापरतात त्यांचा मोठा भर एका तत्त्वावर असतो: लगतच्या चौकटींत जे सारखे आहे ते एकदाच नोंदवायचे आणि जे बदलते तेवढेच पुन्हा लिहायचे. ग्रेन मात्र प्रत्येक चौकटीत नवा असतो, आणि 107 मिनिटांच्या या चित्रपटात सेकंदाला 24 या हिशेबाने दीड लाखांहून अधिक चौकटी आहेत. तेव्हा ग्रेन प्रामाणिकपणे नोंदवायचा तर तबकडीवरील जागेचा मोठा वाटा कोणत्याही नटाच्या वाट्याला न येता या कणांनाच द्यावा लागतो. 2008 च्या तबकडीला ते झेपले नाही आणि पडद्यावर मुंग्यांची वारी निघाल्याचे मत सर्वत्र व्यक्त झाले.

तक्रारीची दखल घेतली गेली, आणि तेथूनच अनर्थाला सुरुवात झाली. जुलै 2010 मध्ये ‘प्रिडेटर्स’ हा नवा चित्रपट यायचा होता, त्याच्या तोंडावर जूनअखेरीस ‘अल्टिमेट हंटर एडिशन’ या भारदस्त नावाने नवी तबकडी विक्रीस आली. तिच्यावर डीएनआर, म्हणजे ‘डिजिटल नॉइज रिडक्शन’, या प्रक्रियेचा असा सढळ प्रयोग झालेला होता की चित्रपट सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच अस्वस्थता वाटू लागते. डच आणि डिलन हे दोन जुने मित्र भेटतात, हात मिळवतात आणि तेथल्या तेथे उभ्याउभ्याच पंजा लढवतात. श्वार्झनेगर व कार्ल वेदर्स यांच्या दंडांचे हे दर्शन म्हणजे त्या दशकातील पुरुषी सौंदर्यकल्पनेचे अधिकृत शिल्प आहे. नव्या तबकडीत ते शब्दशः शिल्प झाले. घाम नाही, रोम नाहीत, शिरांच्या कडा वितळलेल्या, कातडी तुकतुकीत. लोणावळ्याच्या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातून दोन पुतळे रात्री बाहेर पडून एकमेकांना भेटले तर असेच दिसतील.

डीएनआरचे सॉफ्टवेअर कसे चालते हे समजून घेतल्यास त्याच्यावरचा राग थोडा निवळतो, कारण त्याने जे केले ते चांगल्या भावनेने केले. ते लागोपाठच्या चौकटी ताडून पाहते. जे जागेवर टिकून राहते ते चित्र आणि जे क्षणाक्षणाला बदलते ते दूषण, असा त्याचा साधा नियम असतो, आणि भिंतीसमोर स्वस्थ बसून बोलणाऱ्या दोन माणसांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी लागूही पडतो. जंगलात काहीही जागेवर राहत नाही. पान हलते, घामाचा थेंब ओघळतो, धूर पसरतो, चिलटे घोंगावतात, गालावरचे दोन दिवसांचे खुंट उजेडात चमकून नाहीसे होतात, आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट सॉफ्टवेअरच्या लेखी ग्रेन असते. दिवाळीच्या साफसफाईत उत्साहाच्या भरात जुन्या वर्तमानपत्रांबरोबर शेताचा सातबाराही रद्दीत जावा, तसा या प्रक्रियेत ग्रेनबरोबर चित्राचा तपशील गेला. मग चित्र मवाळ झाल्याचे लक्षात आल्यावर ते पुन्हा धारदार भासावे म्हणून कडांना उठाव देण्याची दुसरी प्रक्रिया चालवली जाते, आणि तिच्यामुळे माणसांभोवती एक फिकट वलय उमटते; संतांच्या चित्रांत हे वलय शोभते, मशीनगन घेतलेल्या माणसाभोवती ते शंका उत्पन्न करते.

या सर्व प्रकारातील खरी गंमत अशी की चित्रपटाने आपल्या तबकडीचे भविष्य आधीच वर्तवून ठेवले होते. तुकडीतील ब्लेन हा सैनिक मारला गेल्यावर उरलेली तुकडी समोरच्या झाडीवर जवळची सगळी हत्यारे रोखून बेभान गोळीबार करते. हेलिकॉप्टरवर बसवायची, हातात घेऊन प्रत्यक्षात चालवता न येणारी सहानळी तोफही त्यात असते, जिला चित्रीकरणाच्या वेळी वीज पुरवणारी तार नटाच्या विजारीतून लपवून नेलेली होती. जंगल भुईसपाट होते, शत्रू मात्र एका किरकोळ जखमेवर निभावतो. 2010 मध्ये ग्रेनवर झालेली कारवाई हुबेहूब अशीच होती. तसेच मॅक या पात्राला कोरड्या गालावर रेझर ओढत बसण्याची भयंकर सवय आहे, आणि बिल ड्यूक या नटाने ती अशी दाखवली आहे की पाहणाऱ्याचा हात आपोआप हनुवटीवर जातो. या आवृत्तीत मात्र तो काय तासतो आहे हे समजत नाही, कारण त्याच्यासह संपूर्ण तुकडीची दाढी सॉफ्टवेअरने आधीच करून ठेवलेली आहे.

सर्वांत मोठा घात अखेरच्या भागात होतो. नायक नदीकाठच्या चिखलात लडबडतो, प्राणी हाताच्या अंतरावरून निघून जातो आणि नायकाच्या ध्यानात येते की गार चिखलामुळे अंगाची उष्णता झाकली गेली व आपण दिसेनासे झालो. शास्त्रदृष्ट्या हे फार काळ टिकणारे नाही, कारण अंगावरचा चिखलही थोड्या वेळात अंगाइतकाच तापतो. पण कथेची सगळी मदार चिखलाच्या त्या थरावर आहे, आणि आधुनिक शस्त्रे टाकून माणूस माती फासून, भाले तासून, आदिमानवासारखा उभा राहतो हे दृश्य त्या मातीच्या खरखरीत पोतावाचून उभेच राहू शकत नाही. प्रिडेटरला चिखलामागचा माणूस दिसला नाही. सॉफ्टवेअरला माणसावरचा चिखल दिसला नाही. ज्या चित्रपटाचा नायक केवळ मळलेला असल्यामुळे वाचतो, त्याला आंघोळ घालणे म्हणजे त्याच्या शत्रूला पत्ता कळवणे होय.

या गुन्ह्यात हॉलिवूड एकट्या ‘प्रिडेटर’पुरते अडकलेले नाही. ‘टर्मिनेटर 2’ची 2017 मधील 4के तबकडी याच गुळगुळीतपणासाठी बदनाम झाली, आणि तेथे जेम्स कॅमेरॉनसारख्या तंत्रनिष्णात दिग्दर्शकाचा आशीर्वाद असल्यामुळे दोष कनिष्ठांवर ढकलण्याची सोयही उरली नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’ या 1971 च्या चित्रपटाच्या 2009 मधील ब्लू-रेसाठी खुद्द दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन याने रंगांची अशी काही उलथापालथ केली की छायाचित्रकार ओवेन रॉइझमन याने जाहीरपणे हात झटकले, आणि पुढे 2012 मध्ये त्याला सोबत घेऊन नवी आवृत्ती काढावी लागली. यावरून कर्ता जिवंत असणे ही मूळ कृतीच्या सुरक्षिततेची हमी नसते, असा खिन्न निष्कर्ष काही संग्राहकांनी काढला आहे. याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिद्ध केलेल्या ‘शोले’च्या प्रतीचे आहे. जून 2025 मध्ये इटलीतील बोलोन्या येथे प्रथम दाखवलेल्या या प्रतीत, सेन्सॉरमुळे 1975 मध्ये बदलावा लागलेला, ठाकूर गब्बरला स्वतः मारतो असा मूळ शेवट परत आला. म्हणजे एकीकडे खलनायकाचा संपूर्ण मृत्यू शोधून जागेवर बसवला गेला आणि दुसरीकडे नायकाच्या गालावरचे खुंटही राखता आले नाहीत. 2010 चे ते सॉफ्टवेअर रामगडच्या खडकांत मोकळे सोडले असते तर गब्बरच्या दातांवरील तंबाखू नाहीशी होऊन तो दंतमंजनाच्या जाहिरातीतील सद्गृहस्थ भासला असता, आणि मग पन्नास कोसांवरच्या आईने मुलाला त्याचे नाव सांगून झोपवण्याऐवजी दात घासायला लावले असते.

येथे परीक्षक आणि संग्राहक या जमातीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण तबकडीइतकेच तेही निरीक्षणीय आहेत. हे लोक चित्रपट पाहत नाहीत, थांबवतात. थांबवलेली चौकट पडद्याजवळ जाऊन, चष्मा वर करून, कधी भिंगाखाली तपासली जाते. मग तीच चौकट जुन्या तबकडीत शोधली जाते, दोन्हींची चित्रे शेजारी ठेवली जातात, आणि ज्या दृश्यात तीन माणसे मेली त्यात उजवीकडच्या फांदीवर किती पाने वेगळी दिसतात याची नोंद होते. असा माणूस हा चित्रपट व्हीएचएस कॅसेटवर, लेसरडिस्कवर, डीव्हीडीवर, दोन तबकड्यांच्या विशेष डीव्हीडीवर, 2008 च्या ब्लू-रेवर, 2010 च्या ब्लू-रेवर आणि 2013 मध्ये चष्मा लावून पाहायच्या त्रिमिती आवृत्तीत विकत घेऊ शकतो, आणि घरच्यांनी विचारल्यास प्रत्येक वेळी ‘हा वेगळा आहे’ असे खरे उत्तर देऊ शकतो. 2010 मधील तबकडीचा सर्वांत कडवा निषेध ज्यांनी केला, ती त्यांनीच आधी नोंदणी करून घेतली होती. उलट बाजूने, ज्या सामान्य ग्राहकाने नवा सपाट टीव्ही घेतला, दुकानात लखलखीत फुलपाखरे आणि फळे पाहिली आणि घरी आणून लावलेल्या चित्रपटात मुंग्या पाहिल्या, त्याला ही गुळगुळीत आवृत्ती मनापासून आवडली, हेही लपवण्यात अर्थ नाही. कंपनीने ती त्याच्यासाठीच काढली होती आणि त्याने तिच्याविषयी कोठेही एक अक्षर लिहिले नाही.

2018 मध्ये, या मालिकेतील आणखी एक नवा चित्रपट येण्याच्या सुमारास, 4के तबकडी निघाली. 4के म्हणजे आडव्या दिशेने 3840 आणि उभ्या दिशेने 2160 चित्रबिंदू, अर्थात साध्या ब्लू-रेच्या चौपट. सोबत एचडीआर ही सोय, जिच्यामुळे अंधार आणि उजेड यांच्या मधल्या छटा अधिक विस्ताराने दाखवता येतात. या तबकडीत ग्रेन परत आला आहे, आणि त्याच्याबरोबर घाम, खुंट, चिखल, दंडांवरचे रोम आणि मेक्सिकोतील चिलटेही परतली आहेत. काही दृश्ये मऊ आहेत, चमत्काराची दृश्ये अजून दाणेदार आहेत, आणि तशी ती असलीच पाहिजेत. प्राण्याचे झळाळते हिरवे रक्त, जे चित्रीकरणात चमककांड्यांतील द्रव जेलीत कालवून केले होते, ते एचडीआरमध्ये पहिल्यांदाच पुरेसे ओंगळ दिसते. जिला ‘रिमास्टर’ म्हणावे अशी ही पहिलीच तबकडी आहे, आणि चित्रपट संपल्यावर परीक्षकाजवळ तक्रार कमी उरते, हा तिच्यातील एकमेव गंभीर दोष होय.

तेव्हा ज्यांच्याकडे 4के यंत्र आहे त्यांनी 2018 चीच तबकडी घ्यावी. ज्यांच्याकडे केवळ ब्लू-रे यंत्र आहे त्यांनी 2008 ची, मुंग्यांसकट, कोठे जुन्या बाजारात मिळाली तर सोडू नये. 2010 ची तबकडी आधीच घरात असेल तर ती टाकून देऊ नये, कारण तिच्यातील दिग्दर्शकाचे समालोचन आणि निर्मितीवरचा माहितीपट हे दोन्ही ऐकण्या-पाहण्यासारखे आहेत; मूळ चित्रपट मात्र तिच्यावर लावू नये, आणि लावलाच तर पाहुण्यांना हा व्हिडिओ गेम असल्याचे सांगावे.